महदंबा आणि जीवाचे लिंग

स्त्री आणि पुरुष हा भेद जीवाचा की देहाचा, हा प्रश्न आद्य मराठी कवयित्री महदंबा हिच्या चरित्रातून जितका स्पष्ट होतो तितका तो निव्वळ तर्काने होत नाही. नागदेवाचार्यांची ही चुलत बहीण बालविधवा होती. तत्कालीन समाजाच्या दृष्टीने पती गेला की स्त्रीचे प्रयोजनच संपत असे. महदंबा मात्र प्रथम दादोसांची शिष्या झाली आणि पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या सान्निध्यात आली. तेथे तिने पुसणे म्हणून सोडले नाही. तिच्या या जिज्ञासेची दखल खुद्द स्वामींनी घेतली, आणि लीळाचरित्रातील कितीतरी निरूपणे तिच्या प्रश्नांमुळेच आपल्याला लाभली आहेत.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न मानले म्हणजे देह प्रपंचात जातो. मग स्त्रीत्व व पुंस्त्वही त्याच्याबरोबर प्रपंचातच जाणार. पुरुषांचे तेवढे जीव आणि स्त्रियांचे काही कमी प्रतीचे, असे कसे म्हणता येईल, असा आक्षेप स्वामींनी घेतला तो याच आधारावर. रजोदर्शनाचा विटाळही त्यांनी मानला नाही. देहाच्या इतर स्रावांसारखाच तोही एक स्राव होय. आता कोणी म्हणेल, साधकाने स्त्रीचे चित्रदेखील पाहू नये असा दंडक मग कशासाठी? आमच्या मते तो पाहणाऱ्याच्या विकाराला आवर घालण्यासाठी आहे. स्त्रीच्या अधिकाराचा निर्णय त्यात नाही. पुष्कळांनी येथे घोटाळा केला आहे.

परंपरेप्रमाणे शके 1196 (इ. स. 1274) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर शिष्यमंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंजवळ राहिली. तेथे प्रभूंच्या विवाहाच्या लीळेच्या निमित्ताने महदंबेने धवळे रचून गायिले. विषय रुक्मिणीचे श्रीकृष्णाशी लग्न. जिने स्वतः संसार भोगला नाही आणि संन्यास घेतला, तिने वराची गीते गावी, यात काहींना विसंगती वाटते. पण रुक्मिणीची ओढ हा काम नव्हे, तो वेध आहे. काम आपल्या तृप्तीकडे पाहतो. वेध लागलेल्याला ज्याचा वेध लागला त्याच्यावाचून दुसरे काही दिसत नाही. वेध हा ज्ञानाच्याही आधीचा, म्हणून तो पुरुषाला लागतो तसाच स्त्रीलाही. नागदेवाचार्यांनाही तो लागलाच होता; त्यात कोणाला विसंगती दिसली नाही!

पुढे केशिराजबासांच्या मनात संस्कृतात ग्रंथ करावा असे आले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात लिहिल्यास आपल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी दिलेले कारण स्मृतिस्थळात नोंदलेले आहे.