‘धर्म’ सोडून ‘धम्म’ : येवल्याहून नागपूरला पोहोचायला बाबासाहेबांना २१ वर्षं का लागली?

१३ ऑक्टोबर १९३५. नाशिक जिल्ह्यातलं येवला. इथल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्माला आलो असलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

प्रत्यक्ष दीक्षा मात्र त्यांनी घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. म्हणजे मध्ये तब्बल २१ वर्षं गेली. या काळात त्यांनी कोणत्या धर्मात जायचं एवढंच ठरवलं नाही, तर मुळात धर्म कशाला म्हणायचं, हा प्रश्नही सोडवला.

संस्कृत नाकारलं गेलं

१८९१ साली महू इथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. पण अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेत धर्मग्रंथ होते, तिचं दारच बंद. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बुद्धाची ओळख झाली ती अशी, मराठीतून.

काळाराम मंदिराचं बंद दार

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड स्थानिक आघाडी सांभाळत होते. हजारो लोक आले, पण मंदिराचे दरवाजे बंदच राहिले. त्याच वर्षी ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. पुढे काही वर्षं लढा चालला, तरी मंदिर उघडलं नाही. येवल्याची घोषणा झाली ती यानंतर.

गंमत बघा, याच नाशिकच्या दुसऱ्या टोकाला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या प्राकृत शिलालेखांत या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं येतं, म्हणजेच त्रिरश्मी. पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते पांडवलेणी. शब्द बदलला की इतिहासही विसरला जातो, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण नाशिककरांना शोधावं लागणार नाही.

मग ‘धम्म’ म्हणजे वेगळं काय?

व्याकरणाने पाहिलं तर फारसं काही नाही. संस्कृत ‘धर्म’ पालीत ‘धम्म’ होतो, जसं ‘कर्म’चं ‘कम्म’ आणि ‘भिक्षु’चं ‘भिक्खु’. पण बाबासाहेबांनी या दोन शब्दांत अर्थाची स्पष्ट रेषा ओढली.

त्यांच्या मांडणीत धर्म ही देव, आत्मा, पूजा यांच्याशी जोडलेली वैयक्तिक बाब. धम्म मात्र सामाजिक. माणूस एकटाच असेल तर धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकत्र आली की एकमेकांशी कसं वागायचं हा प्रश्न येतो आणि तिथे धम्म लागतो. त्याचा पाया देव नाही, नीती आहे.

‘कर्म’ या शब्दाकडेही त्यांनी नव्याने पाहिलं. मागच्या जन्मीच्या पापामुळे माणूस या जन्मी अस्पृश्य ठरतो, हे त्यांना मान्य नव्हतं. हा अर्थ मान्य केला तर अन्यायाची जबाबदारी समाजावर राहतच नाही, ज्याने सोसलं तोच दोषी ठरतो. म्हणून त्यांनी कर्माचा संबंध याच जगातल्या नैतिक व्यवस्थेशी जोडला.

जुन्या बौद्ध परंपरेतल्या काही समजुतींनाही त्यांनी प्रश्न विचारले. त्यामुळे त्यांच्या मांडणीवर बौद्ध अभ्यासकांमध्येही वाद झाले.

शब्दकोशही केला

या सगळ्यासाठी त्यांनी पालीचा अभ्यास केला, पाली व्याकरण आणि शब्दकोशाचं काम केलं. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या १६व्या खंडात छापलं. मुंबईतल्या कॉलेजला त्यांनी ‘सिद्धार्थ’ आणि औरंगाबादच्या कॉलेजला ‘मिलिंद’ हे नाव दिलं, तेही बौद्ध परंपरेतूनच.

नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. धर्म आणि धम्म यांतला फरक सविस्तर सांगणारा त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत छापून आला १९५७ मध्ये. तो छापलेला पाहायला ते नव्हते. पण महाराष्ट्रातल्या लाखो घरांत ‘धम्म’ हा शब्द तोवर पोहोचला होता.