घर हीच पहिली धर्मशाळा : संत मॅक्रिना

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, एमिलिया या मातेने आपल्या थोरल्या मुलीला घरीच शिकवले. मूर्तिपूजक कवींच्या कथांऐवजी तिने शलमोनाचा ज्ञानग्रंथ निवडला. उठताना, जेवताना, निजताना लहानग्या मॅक्रिनाच्या ओठी स्तोत्रे असत. धाकटा पेत्र जन्मला आणि वडील वारले. मॅक्रिनाच त्याची गुरू झाली. पुढे तो सेबास्टेचा बिशप झाला. विद्येचा ताठा घेऊन परतलेल्या बाझिललाही तिनेच नम्रतेकडे वळवले. इ. स. ३७९ मध्ये ती देवाघरी गेली. १९ जुलै हा तिचा सण.

मुलांची श्रद्धा रविवारच्या वर्गावर सोपवून आपण मोकळे होतो. एमिलियाने ती रोजच्या दिनक्रमात रुजवली. आज रात्री जेवणापूर्वी मुलांसोबत एक तरी स्तोत्र म्हणू या.