संत पॅट्रिक आणि त्यांचे नाव

१७ मार्च हा संत पॅट्रिक यांचा सण. पॅट्रिक, पॅट्रिशिया ही नावे आपल्यालाही परिचयाची आहेत. या नावाचे मूळ मानकरी कोण होते ते पाहू या.

आयर्लंडचे हे आश्रयदाते संत जन्माने आयरिश नव्हते. पाचव्या शतकाच्या सुमारास, रोमन संस्कृतीच्या ब्रिटनमध्ये ते वाढले. वडील डीकन, आजोबा धर्मगुरू. पण मुलाला देवधर्माची ओढ नव्हती. सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्यांना पकडून आयर्लंडला नेले आणि गुलाम केले. पॅट्रिशियस या लॅटिन नावाचा अर्थ उमराव घराण्यातला, आणि काम मेंढरे राखण्याचे! त्या काळच्या आयरिश भाषेत 'प' हा उच्चारही नव्हता. त्यामुळे लोकांच्या तोंडी त्यांचे नाव 'कोथ्रिगे' झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. रानात, थंडीपावसात हा मुलगा दिवसातून शंभरदा प्रार्थना करू लागला.

सहा वर्षांनी ते निसटले व घरी पोहोचले. पण स्वप्नात त्यांना आयरिश लोकांची हाक ऐकू आली. ज्यांनी गुलाम केले त्यांच्याकडेच ते बिशप होऊन परतले. हजारोंना त्यांनी स्नानसंस्कार दिला. एकदा कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांनी, स्नानसंस्काराची पांढरी वस्त्रे अंगावर असलेल्या नवख्रिस्ती भाविकांपैकी काहींना कापून काढले, काहींना गुलाम म्हणून नेले. पॅट्रिक यांनी त्या सरदाराला व त्याच्या माणसांना बहिष्कृत करणारे कडक पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. गुलामी भोगलेल्या माणसाचा संताप त्यात दिसतो.

त्यांच्या मृत्यूनंतर आयरिश लोकांनी एक वेगळेच केले. हे नाव इतके पवित्र मानले, की कित्येक शतके मुलांना नुसते 'पॅट्रिक' म्हणणे टाळले. 'गिल्ला पाड्रिग', म्हणजे पॅट्रिकचा सेवक, असे नाव ठेवीत. आपल्याकडे रामदास म्हणतात तसेच. फिट्झपॅट्रिक हे आडनाव त्यातूनच आले. पवित्र मारियेबाबतही तेच. 'मुरे' हे नाव फक्त प्रभूच्या मातेचे. मुलींना 'मॉरे' म्हणत.

सतराव्या शतकापासून मात्र पॅट्रिक हे नाव घरोघरी रुळले. पुढे इंग्लंडमध्ये 'पॅडी' म्हणून आयरिश मजुरांची टिंगल होऊ लागली. तरी आयरिश आईबापांनी हे नाव ठेवणे काही सोडले नाही.