चेंडू पंचाला लागला तर? फुटबॉलचे नियम नव्याने मांडणारे स्टॅनली राऊस

फुटबॉलच्या मैदानावर २२ खेळाडूंबरोबर पंचही सतत धावत असतो. चेंडू त्यालाच लागून थेट गोलमध्ये गेला, तर गोल द्यायचा का? अनेक दशके याचे उत्तर ‘हो’ असेच होते. ज्या नियमावलीत हे उत्तर होते, तिची १७ नियमांची मांडणी सर स्टॅनली राऊस यांनी केली होती.

कोण होते राऊस?

राऊस यांचा जन्म २५ एप्रिल १८९५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. नंतर वॉटफर्डच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक झाले. ते हौशी गोलरक्षक होते, पण मनगटाच्या दुखापतीमुळे खेळणे सुटले आणि ते पंच झाले. १९३४ मध्ये वेम्बलीवर मँचेस्टर सिटी आणि पोर्ट्समथ यांच्यातील एफए कपच्या अंतिम सामन्यात तेच पंच होते. त्याच वर्षी ते इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले.

त्यांनी काय बदलले?

वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांमुळे फुटबॉलचे नियम किचकट झाले होते. राऊस यांनी १९३८ मध्ये ते सोप्या भाषेत, क्रमवार लिहून काढले. मैदानात असलेल्या पंचाला किंवा लाइन्समनला लागून परतलेला चेंडू खेळातच आहे, हे त्यात स्पष्ट होते. म्हणजे पंच हा गोलपोस्टसारखाच मैदानाचा भाग. चेंडू लागल्याचा फायदा कोणाला झाला, हे पाहायचे नाही.

पण गोलपोस्ट जागचा हलत नाही, पंच हलतो. त्यामुळे त्याने उभे कुठे राहायचे, हे महत्त्वाचे ठरते. राऊस यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पंच एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकस धावतो आणि लाइन्समन उरलेल्या दोन बाजू सांभाळतात. खेळ दोघांच्या नजरेच्या मधोमध राहतो आणि पंचही शक्यतो चेंडूच्या वाटेत येत नाही.

तरीही अपघात होतच. ९ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये बॅरो विरुद्ध प्लिमथ सामन्यात चेंडू पंचाच्या पायाला लागून गोलमध्ये गेला. गोल ग्राह्य धरला गेला आणि बॅरोने सामना १-० असा जिंकला.

तटस्थतेची मर्यादा

१९६१ मध्ये राऊस फिफाचे अध्यक्ष झाले. खेळात राजकारण नको, ही त्यांची भूमिका होती. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरील बंदी १९६३ मध्ये उठवली गेली, तेव्हा त्यांनी त्या निर्णयाची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी टोकियोच्या अधिवेशनात सदस्य देशांनी ती बंदी पुन्हा लादली. आफ्रिकी देशांची नाराजी मात्र राहिली आणि १९७४ मध्ये ब्राझीलच्या जुआंव हावेलांज यांनी त्यांचा पराभव केला. त्यांनी ज्याला तटस्थता मानले, त्याचा फायदा प्रत्यक्षात एकाच बाजूला होत होता.

१८ जुलै १९८६ रोजी राऊस यांचे निधन झाले.

आज नियम काय आहे?

१ जून २०१९ पासून नियम बदलला. सामनाधिकाऱ्याला लागलेला चेंडू मैदानातच राहिला आणि त्यामुळे थेट गोल झाला, चेंडूचा ताबा दुसऱ्या संघाकडे गेला किंवा आशादायक चढाई सुरू झाली, तर पंच खेळ थांबवून ‘ड्रॉप बॉल’ देतो. अन्यथा खेळ सुरूच राहतो. पंचाच्या स्पर्शाचा फायदा कोणाला झाला, हे आता पाहावेच लागते.