एआय आज जिथं अडकलंय, ते गणित शाहू महाराजांनी १९०२ मध्येच हातात घेतलं होतं

पावसाळ्यात नृसिंहवाडीकरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. हे सात दरवाजे उघडायला ना माणूस लागतो, ना वीज. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं, तिथून पंचगंगेत आणि वाडीच्या संगमावर कृष्णेत. दत्त मंदिरात दक्षिणद्वार सोहळा कधी होईल, याचा अंदाज लोक यावरूनही बांधतात.

हे धरण बांधायला घेतलं राजर्षी शाहू महाराजांनी. जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४ मध्ये कारभार हातात घेतला. पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग.

तेव्हा संस्थानच्या प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. शिकलेले उमेदवार त्याच घरांतून यायचे, नोकऱ्याही तिथंच जायच्या.

आता समजा, ही यादी आजच्या एखाद्या एआयला दिली आणि चांगला अधिकारी निवडायला सांगितलं. ते जुन्या नोंदींवरूनच शिकणार आणि पुन्हा तीच माणसं निवडणार. अ‍ॅमेझॉनचं असंच झालं होतं. नोकरभरतीसाठी बनवलेलं त्यांचं सॉफ्टवेअर पुरुषांच्या जुन्या अर्जांवर शिकलं आणि बायकांचे अर्ज मागे टाकू लागलं. शेवटी गुंडाळावं लागलं.

महाराजांनी नियमच बदलला. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं रिकाम्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. ज्या कचेरीत प्रमाण कमी, तिथली पुढची नेमणूक मागासवर्गीयांतूनच. मला सगळ्यात भारी वाटतो तो शेवटचा भाग. दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता महाराजांकडे पाठवायचा. म्हणजे हुकूम काढून मोकळं व्हायचं नाही, तपासणीही सुरू ठेवायची. विशेष म्हणजे आदेश निघाला तेव्हा महाराज इंग्लंडला होते.

पण शिकलेली पोरंच नसतील तर राखीव जागा भरणार कोण? म्हणून बोर्डिंगं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला त्यांनी जाहीर पाठिंबा दिला.

धरणाचं काम १९०८ च्या सुमारास सुरू झालं. गावाला राधानगरी हे नाव मुलीवरून, राधाबाईंवरून. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, काम रखडलं. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले, तेव्हा भिंत अर्धवटच होती. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर.