चाक ढकलणारा वकील

मराठी विभागासाठी एखाद्या मोठ्या व्यक्तीची ओळख लिहून दे, असा निरोप आला तोही नेमका सबमिशनच्या आठवड्यात. मी कॉन्व्हेंटची, मराठी निबंध लिहून पाच वर्षं झाली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विश्वेश्वरय्या आणि कलाम यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच. म्हणून मी असा माणूस निवडलाय, जो तिकडे अमेरिकेत डोंगर चढणाऱ्यांना पक्का माहीत आहे आणि आपल्या हॉस्टेलवर बहुतेक कुणालाच नाही. मायरन एव्हरी. धंद्याने वकील, पण काम असं की आपण सिव्हिलवाल्यांनी त्याला आपल्यातलाच म्हणावं. त्याच्यावरच का लिहावंसं वाटलं, ते शेवटी सांगते.

अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे. आपल्या सह्याद्रीसारखीच किनाऱ्याला साधारण समांतर. तिच्या माथ्यावरून एक पायवाट जाते. जॉर्जिया राज्यात सुरू होते, १४ राज्यं ओलांडते आणि उत्तरेला मेन राज्यातल्या काटाडिन शिखरावर संपते. अंतर जवळजवळ ३,५०० किलोमीटर! ही कल्पना बेंटन मॅकाय या वनखात्यात काम केलेल्या नियोजनकाराची. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्याने वास्तुविशारदांच्या एका मासिकात लेख लिहिला. शहरात पिचलेल्या माणसाला डोंगरात मोकळा श्वास मिळावा, वाटेवर छोट्या वस्त्या असाव्यात, असं ते मोठं स्वप्न होतं. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला बैठक झाली आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था निघाली. पण बैठका झाल्या म्हणून वाट होत नाही. काम रेंगाळलं. मग हार्टफर्डचे निवृत्त न्यायाधीश आर्थर पर्किन्स यांनी संस्थेत जीव ओतला, आणि त्यांच्या हाताखाली तयार झाला तरुण एव्हरी.

एव्हरीचा जन्म १८९९ चा, मेन राज्यातल्या लुबेकचा. देशाच्या अगदी पूर्व टोकाचं हे गाव, तेव्हा सार्डीन मासे डबाबंद करण्याच्या धंद्यावर जगणारं. तिथून तो बोडन कॉलेजात शिकला, १९२३ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि जहाजांच्या कायद्याचा वकील म्हणून सरकारी नोकरीत वॉशिंग्टनला आला. नोव्हेंबर १९२७ मध्ये मोजक्या माणसांना घेऊन त्याने पोटोमॅक अ‍ॅपलाचियन ट्रेल क्लब काढला. आठवडाभर ऑफिस, आणि सुट्टीच्या दिवशी कुऱ्हाडी, कोयते आणि रंगाचे डबे घेऊन डोंगरात. १९३१ मध्ये तो कॉन्फरन्सचा चेअरमन झाला आणि १९५२ पर्यंत राहिला. २१ वर्षं! पगार शून्य. नोकरी सांभाळून, संध्याकाळी पत्रं लिहून त्याने संस्था चालवली.

त्याची पद्धत मला फार आवडली. अख्खी वाट त्याने क्लबांमध्ये वाटून दिली. हा तुकडा तुमचा, म्हणजे तुमचाच. पडलेलं झाड तोडायचं, वाढलेली झुडपं छाटायची, पावसाचं पाणी वाटेवरून वाहून माती नेऊ नये म्हणून ते बाजूला काढायचं, आणि झाडांवरच्या खुणा पुन्हा रंगवायच्या. खुणेचं मापसुद्धा ठरलेलं, २ इंच रुंद आणि ६ इंच उंच पांढरी पट्टी. हेतू साधा होता. ज्याने तो डोंगर आधी कधीच पाहिला नाही, त्याला वाटाड्या न घेता जाता आलं पाहिजे.

आणि ते चाक! सायकलचं एक चाक, त्याला मीटर, आणि ढकलायला दांडा. ते घेऊन एव्हरी मैलोन्‌मैल चालला. परीघ गुणिले फेऱ्या, आपण सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला करतो तेच गणित. चाक घसरलं की अंतर कमी येतं, दगडांवर उड्या मारत गेलं की गडबड होते, हे आपण व्हायव्हामध्ये पाठ म्हणतो. या माणसाने ते झरे, चढ, दलदल यांतून ढकललं, आणि कुठे वळायचं, पाणी किती अंतरावर आहे हे मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये छापलं. ऑगस्ट १९३३ मध्ये काटाडिनच्या माथ्यावर वाटेच्या टोकाची पाटी लागली, तेव्हाही चाक सोबत होतंच. मेनमधलं जंगल इतकं अवघड होतं की तो भाग वगळून वाट अलीकडेच संपवावी, असा विचार चालला होता. एव्हरीने ते होऊ दिलं नाही. वॉल्टर ग्रीन नावाच्या नाटकातल्या नटाने तिथला मार्ग शोधून काढायला मोठी मदत केली. १९३६ पर्यंत एव्हरी तुकड्या-तुकड्याने पूर्ण मार्ग चालला होता. असं करणारा तो पहिलाच. १४ ऑगस्ट १९३७ ला मेनमध्येच शेवटचा तुकडा जोडला गेला.

इथे लेख संपवला असता तर सगळं गोड झालं असतं. पण एव्हरी गोड माणूस नव्हता. कडक, हट्टी, तोंडावर बोलणारा. पत्रातून असा झाडायचा की समोरच्याने पुन्हा काम करायला येऊ नये. सगळ्यात मोठं भांडण झालं ते खुद्द मॅकायशी. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआच्या माथ्यावरून सरकार मोटाररस्ता बांधत होतं, नाव स्कायलाइन ड्राइव्ह. त्यामुळे पायवाट हलवावी लागणार होती. मॅकाय म्हणे, माथ्यावर गाड्या आल्या की रान संपलं, विरोध करा. एव्हरी म्हणे, रस्ता होणारच आहे, तर सरकारशी भांडण्यापेक्षा त्याच्याकडूनच वाट नव्याने बांधून घ्या. पत्रं कडवट होत गेली. १९३५ मध्ये मॅकाय बाजूला झाला, रानं वाचवणारी द वाइल्डरनेस सोसायटी उभारण्यात सामील झाला, आणि दोघांचा संबंध कायमचा तुटला. एकाने वाट स्वप्नात पाहिली, दुसऱ्याने ती जमिनीवर उतरवली, आणि पुढे दोघं बोललेसुद्धा नाहीत.

खरं सांगू? बरोबर कोण, हे मला ठरवता येत नाही. एव्हरी नसता तर वाट कागदावरच राहिली असती. पण मॅकायची भीतीही खोटी नव्हती, पुढे ब्लू रिज पार्कवे या दुसऱ्या रस्त्याने वाटेचा शंभरावर मैलांचा भाग गिळला. १९३८ मध्येच राष्ट्रीय उद्यानं आणि वनखात्याने आपापल्या जमिनीत वाटेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मैलाचा पट्टा राखायचं मान्य केलं होतं, तरी त्याच वर्षी चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमध्ये झाडं आडवी केली. मग महायुद्ध आलं आणि स्वयंसेवक पांगले. पूर्ण झालेली वाट तुटली! एव्हरीने पुन्हा क्लब गोळा केले, पुन्हा पत्रं लिहिली. १९५१ मध्ये वाट दुसऱ्यांदा अखंड जोडली गेली. १९५२ मध्ये त्याने पद सोडलं, प्रकृती ढासळलीच होती. त्याच वर्षी २६ जुलैला, मुलासोबत कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात फिरायला गेला असताना तो गेला. वय अवघं ५२. मेनमधल्या बिगेलो डोंगराच्या एका शिखराला आज एव्हरी पीक म्हणतात. १९६८ मध्ये वाटेला कायद्याचं संरक्षण मिळालं. संस्थेचं नाव २००५ पासून कॉन्झर्व्हन्सी झालं. पण तुकडे आजही तीसेक क्लबच सांभाळतात, आणि काम करणारे बहुतेक स्वयंसेवक.

आता शेवटी सांगायचं ते. आपल्या कॉलेजमागच्या टेकडीवर पिवळ्या बाणांची वाट आहे, पाहिली असेल. ती कल्पना माझ्या एका वर्गमित्राची. मी ट्रेकिंग ग्रुपची सेक्रेटरी झाले आणि ड्यूटीचा तक्ता केला. तो दोन रविवार आला नाही, म्हणून मेसमध्ये सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोलले. त्याची केटीची परीक्षा होती आणि त्याने तसं दुसऱ्याला कळवलंही होतं, हे मला नंतर समजलं. तो ग्रुप सोडून गेला. माझा तक्ता अजून नोटीस बोर्डावर आहे, अगदी व्यवस्थित, आणि टेकडीवर कुणी नाही.

एव्हरीबद्दल वाचताना मला त्याचा अभिमान वाटत होता आणि मधेच स्वतःची लाजही वाटत होती. गेल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये मी त्या मित्राला सॉरी म्हटलं. त्याने चहा घेतला. येतो असं काही म्हणाला नाही.

पावसाने वरच्या वळणावर माती खचली आहे आणि निम्मे बाण पुसले आहेत. रविवारी सकाळी सहाला मी मागच्या गेटपाशी थांबणार आहे. रंग आहे, ब्रश दोनच आहेत. ज्याला जमेल त्याने या. या वेळी हजेरी घेणार नाही.