गागोद्याचा वाडा आणि आचार्य विनोबा

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे डोंगरांच्या कुशीतील लहानसे खेडे. तेथील भावे घराण्याच्या वाड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे गांधीजींच्या आश्रमात ते 'विनोबा' झाले व त्याच नावाने जगाला परिचित झाले.

या वाड्याचे संस्कार समजून घेतल्यावाचून विनोबांचे जीवन उमगत नाही. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ पुरुष. ते चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेप्रमाणे रोज एकेक घास वाढवीत आणि तसाच उतरवीत. तपाची ही ओळख बालवयातच विनायकास घरी झाली. मातोश्री रुक्मिणीबाईंची शिकवण निराळी होती. अंगणातला फणस उतरला की त्याचे गरे मुलांच्या हातून प्रथम घरोघर वाटले जात, उरलेले मग घरच्यांनी खावयाचे. वाड्यात एक अंध वृद्ध राहत असत. मुले त्यांना घरचेच वडीलधारे समजत. कुटुंब बडोद्यास गेल्यानंतर त्यांच्या निधनाचे पत्र आले, परंतु आईने सुतक पाळले नाही. मुलांनी विचारले तेव्हा उलगडा झाला, की ते नात्याचे कोणीच नव्हते; निराधार म्हणून वाड्यात आश्रयास होते एवढेच! इतकी वर्षे मुलांना ते परके वाटू नयेत, यातच त्या माउलीची थोरवी आहे.

वडील नरहरपंत वस्त्र रंगविण्याच्या शास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या बडोद्यातील नोकरीमुळे वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास विनायकाचे गागोदे सुटले. शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे त्यांनी आईसमक्ष चुलीत टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला व काशीस गेला. तेथून जून महिन्यात तो अहमदाबादेस गांधीजींजवळ पोहोचला. आश्रम, तुरुंगवास, 'गीताई', १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहातील पहिल्या सत्याग्रहीचा मान, हे सर्व सुपरिचितच आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी शंभर एकरांचे पहिले दान मिळाले. शेतीवाडी असलेल्या घरातील हा पुत्र पुढे तेरा वर्षे देशभर पायी फिरून जमीन मागत राहिला. चाळीस लाख एकरांहून अधिक दान जाहीर झाले. व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहिल्यास ही सारी रक्कम जमेस धरता येत नाही. त्यात नापीक जमीन होती, वादातली होती, आणि पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही. तरीही कायदा अथवा सक्ती नसताना लक्षावधी एकर जमीन भूमिहीनांच्या हाती गेली, हे विसरून चालणार नाही. आणीबाणीतील त्यांची भूमिका मात्र अनेक चाहत्यांना रुचली नाही, जुने सहकारीही दुरावले. एप्रिल १९७९ मध्ये गोवंशरक्षणासाठी त्यांनी पाच दिवस उपोषण केले.

जैन समाजावर त्यांचे एक ऋण विशेष आहे. सर्व पंथांस मान्य होईल असा जैन धर्मसार एका ग्रंथात यावा, असा त्यांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीस संगीती भरली. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी आणि तेरापंथी यांनी एकत्र बसून क्षुल्लक जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेल्या 'समणसुत्तं' या ७५६ गाथांच्या ग्रंथास मान्यता दिली. जे घरच्यांना शतकानुशतके साधले नाही, त्याला चालना दिली ती गागोद्याच्या या सुपुत्राने.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती सुधारत असतानाच त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले. डॉक्टरांची व थोरामोठ्यांची विनवणी त्यांनी नम्रपणे नाकारली. शास्त्रोक्त विधीने घेतलेली ती सल्लेखना नव्हती, तथापि देहाचा परिग्रह सोडण्याची वृत्ती तीच होती. १५ नोव्हेंबर रोजी, दीपावलीला, महावीर निर्वाणदिनी त्यांनी देह ठेवला. रोह्याशी ऋणानुबंध असलेले माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्याच वर्षी २ ऑक्टोबरला निवर्तले होते. दोघांच्या जन्मात अवघ्या चार महिन्यांचे अंतर, जिल्हाही एकच. एकाने देशाची तिजोरी सांभाळली, दुसऱ्याने पैशाला स्पर्शही नको म्हटले.

१९८३ मध्ये विनोबांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. गागोद्याचा वाडा त्यांचे जन्मस्थान म्हणून जतन केलेला असून पेणहून तो सहज पाहून येता येतो.